ऐनवेळचे विषय

आमच्या ग्रुपमध्ये गेम कमी आणि किस्से जास्त तयार होतात. गेमला इंजिन लागतं, चित्रं लागतात, आवाज लागतात, आणि मुख्य म्हणजे चिकाटी लागते. किस्स्याला चहा पुरतो. नोकऱ्या सांभाळून रविवारी सकाळी कॉम्प्युटर गेम बनवायला जमणारे आम्ही चौघं: घाटकोपरचा निखिल, जोगेश्वरीचा मंदार, मुलुंडची श्वेता आणि मी. मी विमा कंपनीत क्लेम बघतो आणि ग्रुपमध्ये आवाज करतो. म्हणजे गेममधले आवाज. "तुमचा एखादा गेम खेळायला मिळेल का?" असं कोणी विचारलं की आम्ही विषय बदलून किस्सा सांगतो. त्यामुळे साठा वाढत गेला.

*

पहिला मान निखिलचा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतात त्याला इंजिन म्हणतात. निखिलला नवं इंजिन सापडलं की तो नव्या नवऱ्यासारखा त्याचं कौतुक करत फिरतो. मग हळूहळू कुरबुरी सुरू होतात. "ह्यात सावल्या नीट पडत नाहीत यार." मग दुसरं इंजिन. त्याच्या गेममध्ये एक रिक्षा आहे आणि ती कित्येक वर्षं स्टँडवरच उभी आहे. खऱ्या रिक्षावाल्यासारखी ती कुठेच यायला तयार नाही.

एकदा श्वेतानं त्याच्या घरी फोन केला. आईंनी उचलला.

"आत बसलाय गं तो. इंजिन पुन्हा बदलतोय म्हणे. मी म्हटलं, एवढं सारखं बिघडतं तर गाडी विकून टाक ना."

निखिलकडे गाडी नाही.

*

मंदारचा स्वतःचा गेम भव्य आहे. राज्यं, राजे, भुयारं, सगळं कागदावर तयार आहे. स्क्रीनवर एक जिना आहे, आणि त्या जिन्यावरून नायक उतरत नाही. पण मंदारचं खरं कौशल्य दुसऱ्याच्या गेममध्ये. तो आधी "झकास" म्हणतो, मग खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "फक्त एक सजेस्ट करू?"

श्वेतानं एक छोटासा गेम केला होता. खिडकीच्या ग्रिलवर कबुतर बसतं, त्याला हाकलायचं. बस, एवढंच. मंदारनं फक्त एक सुचवलं, की कबुतराला घरटं हवं. पुढच्या रविवारी फक्त एक, की शेजारच्या खिडकीतल्या माणसालाही खेळता आलं पाहिजे. मग फक्त एक, की कबुतराचा भूतकाळ कळायला हवा, ते असं का झालं.

नंतर बरेच दिवस कबुतराचा विषय निघाला नाही. शेवटी मीच विचारलं.

"कबुतर डिलीट केलं," श्वेता म्हणाली. "आता ग्रिल आहे. बघायचंय का?"

मंदारनं ग्रिल बघितलं आणि म्हणाला, "झकास."

*

आता माझ्यावर. मंदारच्या भव्य गेममध्ये मधेच एक रॉकेट येतं. राजांच्या गोष्टीत रॉकेट कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला आवाज करायला मिळणार होता. आमच्या घरच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली, थोडी जाड केली, आणि रॉकेट असं काही उडालं की मीच खूश झालो. दिवसभर उडवत बसलो.

माझी बायको शिट्ट्या मोजून गॅस बंद करते. त्या दिवशीही तिनं मोजून बंद केला. मी आत रॉकेट उडवत होतो आणि ती बाहेर मोजत होती.

जेवताना डाळ दाताखाली कडकड वाजली. तिनं आधी डाळीकडे, मग गॅसकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आता घरात नियम आहे, कुकर लागलेला असताना रॉकेट उडवायचं नाही.

*

आणि हा परब काकांचा.

आम्ही जमतो ते श्वेताच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. चौघांपैकी कोणाच्याच घरात चार लॅपटॉप आणि चार माणसं एका वेळी मावत नाहीत, त्यामुळे तो हॉल गेला तर ग्रुपही गेला. गेम खेळायला हॉल कोण देणार? म्हणून श्वेतानं सोसायटीचे सेक्रेटरी परब काका यांना "संगणक वर्ग" असं सांगून चावी मिळवली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी एका अर्धवट राहिलेल्या भुताच्या गेमसाठी निखिलची किंकाळी रेकॉर्ड केली. ती चांगली यावी म्हणून बऱ्याच वेळा केली. तळमजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, संगणक वर्गात कोणाला तरी मारतायत.

पुढच्या रविवारी काका हॉलमध्ये हजर. "काय शिकवता ते दाखवा. नायतर चावी द्या."

निखिलचं इंजिन बदलणं चालू होतं. मंदारचा नायक जिन्यावर. चालू स्थितीत एकच गेम होता, श्वेताचा, आणि नेमका तोच दाखवण्यासारखा नव्हता.

गेमचं नाव "जनरल बॉडी". आपण सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचं आणि वार्षिक सभा पार पाडायची. गळती, पार्किंग, लिफ्ट, एकेक विषय सर्वानुमते मंजूर करून घ्यायचा. सभासद उठून ओरडतात, त्यांना खाली बसवायचं. शेवटची लेव्हल "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". तिथे कोणीही उठून काहीही विचारतं. ती आमच्यापैकी एकालाही पार करता आली नव्हती. श्वेतानं ऑफिस सांभाळून वर्षभर ह्या गेमवर जीव टाकला होता. तिचं एकच म्हणणं होतं, ग्रुपबाहेरच्या एका तरी माणसानं हा मनापासून खेळावा.

काका स्क्रीनसमोर बसले. स्क्रीनवर सेक्रेटरी आला. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा कपाळावर.

"हा कोण?"

"सेक्रेटरी," श्वेता म्हणाली.

"कुठल्या सोसायटीचा?"

"काल्पनिक आहे काका."

काकांनी आपल्या कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला आणि खेळायला लागले.

गळतीला ते नुसते बसून राहिले. वरच्या मजल्यावरची बाई ओरडून दमली आणि विषय मंजूर झाला. पार्किंगला त्यांनी "उपसमिती नेमा" हे बटण दाबलं. ते श्वेतानं गंमत म्हणून टाकलं होतं. लिफ्टच्या वेळी ते चक्क लॅपटॉपला म्हणाले, "तुम्ही आधी बसा. बसा म्हणतो ना." सभासद बसला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मग ऐनवेळचे विषय आले. एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, मागच्या वर्षी पूजेला आणलेली सतरंजी कोणाकडे आहे. काकांनी घाईत चुकीचं बटण दाबलं, सगळे सभासद एकदम उठून चालते झाले आणि स्क्रीनवर अक्षरं आली: कोरमअभावी सभा तहकूब.

काकांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. मग उठले.

"चावी दे."

श्वेतानं दिली. ती खिशात टाकून ते गेले. बाहेरचा एकच माणूस तिचा गेम खेळला, आणि हॉल घेऊन गेला. ती म्हणाली, "चष्मा तरी बदलायला हवा होता रे." त्यावर मंदारला काहीही सुचवायचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही हॉलमध्ये राहिलेले एक्स्टेंशन बोर्ड आणि स्पीकर न्यायला गेलो. हॉल उघडा होता. पंखा चालू. काका टेबलाशी, इस्त्रीचा बुशशर्ट घालून.

"ही काय यायची वेळ झाली?" ते श्वेताला म्हणाले. "चावी आता माझ्याकडेच राहील, तुम्ही वेळेवर येत नाय. चल, लाव."

तिनं घरून लॅपटॉप आणून लावला. गळती गेली, पार्किंग गेलं, लिफ्ट गेली. ऐनवेळचे विषय सुरू झाले. सतरंजीवाला म्हातारा बसला, मग एक बाई उठली, तीही बसली. आम्ही चौघं मागे उभे. श्वेतानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी एका हातानं कानाला लावला, दुसरा हात कीबोर्डवर. काकूंचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "खंय आसात तुमी? पान वाढलंय."

काकांनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

"मीटिंगेत आसंय," ते म्हणाले. "तू जेवन घे."