वाऱ्याची भीती, वासाची भीती

रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत नेवेना बाटल्यांची पाठ वाचायची. नेलपॉलिश, ते पुसायचं पाणी, केसांचा फवारा, फरशीचा साबण. मुंगीएवढी अक्षरं भिंगाखाली धरायची आणि न कळलेली नावं वहीत उतरवायची. क्राल्येवो शहरातल्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर पुढच्या खोलीत ती बायकांची नखं रंगवून द्यायची. दोनदा तिसऱ्या महिन्यातच तिचा गर्भ पडला होता. आता पाचवा सरत आला होता.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "आधीचे गर्भ यामुळेच पडले, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण या वासांपासून लांब राहा. खोलीत वारा खेळू दे. बाळ दिवसांच्या मानानं जरा लहान आहे."

वारा! तिची सासू विदोसावा त्या शब्दालाच भ्यायची. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की दुखणं आत शिरतं, हे आमच्याकडे दुधातूनच पाजतात. नेवेना खिडकी उघडायची. ती गिऱ्हाइकाकडे वळली की विदोसावा मागून येऊन लावून घ्यायची. वर फटीत टॉवेल कोंबायची.

"आई, वास कोंडतोय."

"वासानं कुणी मेलंय का, पोरी? माझी मावशी वाऱ्यानं गेली, ऐन लग्नात! आणि ती तुझी डॉक्टरीण ओल्या केसांनी हिंडते. तिचं काय ऐकायचं?"

खुर्चीतली बाई खळखळून हसली. नेवेनाही हसली, पण श्वास रोखून.

सप्टेंबरात एका दुपारी विदोसावानं बाळासाठी घर निर्मळ हवं म्हणून सगळी फरशी जंतुनाशकानं धुतली, कोपऱ्यांत झुरळांचा फवारा मारला. नेवेना आत आली. वास जिभेवर उतरला, भिंती फिरल्या, ती खालीच बसली. तरी हात लांबवून तिनं खिडकी ढकलली. विदोसावा धावत आली. सुनेला उठवायच्या आधी तिनं खिडकी लावली.

"घामेजलीयस तू! बाळाला वारा लागेल!" ती रडत होती.

नेवेना भिंतीला धरून उठली. जिच्यापायी हे होत होतं, तीही बाळासाठीच भीत होती, भांडायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी तिनं गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून कळवलं आणि बाळंतपणापर्यंत डोंगरातल्या बहिणीकडे निघाली. इतक्या महिन्यांत बाळाच्या अंगात काय काय उतरलं असेल, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. दारापाशी ती थांबली. एक हात पोटावर होता.

"आई, हिवाळ्यासाठी भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या गार झाल्यात, सोलून घ्या. पाण्याखाली धरू नका, चव जाते."