मधूने सोडलेला डाव

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होतो. सुनंदावहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे गेले." मी विचारलं, "कुठे?" महिना उलटून गेला, तरी आपण असं का विचारलं, ते मला कळत नाही...

भोईवाड्याचा मधू आणि मी गिरगावातल्या एका क्लबात बुद्धिबळ खेळत वाढलो. तो माझ्या फार पुढे होता. संघनिवडीचा शेवटचा डाव त्याला नुसता बरोबरीत सोडवायचा होता. समोरच्याकडे वजीर उरलेला, मधूकडे हत्ती आणि एक प्यादं. बराच वेळ पटाकडे बघून त्याने हात पुढे केला, डाव सोडला. संघ हुकला म्हणून नोकरी धरली, मग लग्न झालं; स्पर्धेत मात्र तो परत कधी उतरला नाही. विचारलं की म्हणायचा, "हरलेलाच होता रे तो."

निवृत्तीनंतर लेकीने कंप्यूटर घेऊन दिला. मधूने सगळ्यात आधी माझ्यासमोर त्यावर तीच मोहरी तशीच मांडली. बुद्धिबळाच्या प्रोग्रामने आकडा देऊन वजीरवाल्याचा विजय दाखवला. "बघ," मधू म्हणाला. पण पुढे खेळवून पाहिलं तर वजीर नुसता घिरट्या घालत होता, विजयाचा तो आकडा पुढे सरकेना. मग त्याने दुसरा प्रोग्राम काढला. पटावर मोजकी मोहरी उरली की तो अंदाज करत नाही, निकालच सांगतो. त्याने सांगितलं... बरोबरी.

मला वाटलं, मधू हसेल, नाहीतर चिडेल तरी. तो म्हणाला, "चहा टाकतो." आणि उठला. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "एक बरं झालं. तो डाव हरलेलाच होता, असं कंप्यूटरने सांगितलं ना? ह्यांनी मला बोलावून दाखवलं होतं."

पहिला प्रोग्राम तसं म्हणाला होता, हे खरंच. पण मधूने बायकोला तेवढंच का दाखवलं? तिच्यासोबतचा संसार चुकीच्या चालीतून आला असं तिला वाटू नये म्हणून? की स्वतःलाच ते ऐकायचं होतं?

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "नव्हता?"

"बरोबरी होती, वहिनी."

"मग मला असं का सांगितलं?"

"मलाही कळत नाही."

मग त्यांनी मधूची खुर्ची माझ्याकडे सरकवली, स्वतःसाठी स्टूल घेतलं. "मला दाखवा."

मी कंप्यूटरवर मोहरी मांडली. हत्ती प्याद्याच्या आधाराने दोन घरांत कसा ये-जा करतो, शह आला की राजा जवळच कसा सरकतो, ते दाखवलं.

"एवढंच करायचं होतं?" त्यांनी विचारलं. "जागा न सोडता हलत राहायचं?"

"एवढंच."

"मला वाटलं, काहीतरी अवघड असेल," वहिनी म्हणाल्या. मग माउस माझ्या हातातून घेऊन त्यांनी हत्ती एकदा इकडे नेला, एकदा तिकडे... आणि मी निघालो तरी त्या थांबल्या नाहीत.