वरच्या फळीवरचा डबा

सकाळी आठला प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की चांगदेव सगळ्यात आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचायचा. डाव्या हाताची अनामिका. थेंब द्रावणात मिसळायचा, चौकटी आखलेल्या काचेवर घालून ओल्या कापसाशेजारी वीस मिनिटं झाकून ठेवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून स्वतःच्या प्लेटलेट मोजायचा. आकडा अडीच लाखांच्या आसपास आला, म्हणजे द्रावण बरोबर, काच स्वच्छ, नजर ठिकाणावर. मग दिवसभर दुसऱ्यांचे आकडे लिहायला तो मोकळा. टोचून टोचून त्या बोटाचं टोक इतकं खरखरीत झालं होतं की बायको म्हणायची, "या बोटानं खोबरं किसता येईल."

माजिवड्याजवळचा तो लहान मुलांचा खाजगी दवाखाना. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली; तिची खिडकी व्हरांड्यात उघडायची. १९८९च्या नोव्हेंबरात त्या खिडकीशी आवडाबाई येऊन बसू लागली. बाळकुमची, दारोदार मासळी विकणारी कोळीण. सुनेला सातव्या महिन्यातच मुलगी झालेली, अकराशे ग्रॅमची. नात वर काचेच्या पेटीत होती.

बाराव्या दिवशी तिचं पोट फुगलं, शीमधून रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी दूध बंद करून सलाइन लावलं. इतक्या लवकर आलेल्या मुलांचं आतडं कधीकधी असं सुजतं. काहींचं निवळतं, काहींचं आतल्या आत सडत जातं.

"कोणतं होणार ते पोटाआधी रक्त सांगतं," त्या चांगदेवला म्हणाल्या. "प्लेटलेट रोज सकाळी मोजा. घसरतच गेल्या, तर समजायचं."

पहिल्या दिवशी एक लाख चाळीस हजार आल्या. त्याच दुपारी बाळाला बापाचं, नाथाचं, थोडं रक्त चढवलं. त्यामुळे दुसऱ्या सकाळी चांगदेव बोट टोचताना दिसला, तेव्हा आवडाबाईनं आपलं आपण ठरवून टाकलं.

"बाला, काल माजे नाथानं दिला. आज तू देतंस?"

"नाही मावशी. हे माझं मलाच तपासायला."

"हां. देनारा असाच बोलतं."

तासाभरानं ती घरी जाऊन परत आली, हातात जर्मनचा डबा, निवट्यांच्या, खाडीतल्या मासळीच्या, कालवणाचा. "रगत देतंस, तं भरून नको निघाया? खा."

शकू सिस्टर दारातून हसली. "खा हो, रक्तदाते. नुसते काटे ठेवू नका माझ्यासाठी."

चांगदेवला नीट समजावून सांगायचं होतं. पण नुकताच त्यानं त्या नातीचा आकडा लिहिला होता, पंच्याण्णव हजार, आणि ही बाई आकडा न विचारता त्याला नीट जेवतोस का विचारत होती. त्यानं डबा घेतला.

तिसऱ्या दिवशी एकसष्ट हजार. टाचेतून मुश्किलीनं निघालेला थेंब कधी गोठतो, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मोजणी कमी येते. तसंच झालं असेल, असं धरून तो पेटीपाशी गेला. टाचेवर टोचायला जागा उरली नव्हती, तरी त्यानं पुन्हा थेंब घेतला. अठ्ठावन्न. उगाच टोचलं, असं त्याला जिना उतरताना वाटत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी मुंबईला फोन लावला. तिथले सर्जन म्हणाले, या वजनाला आणि या अवस्थेत ती रस्ताही सोसणार नाही आणि शस्त्रक्रियाही.

चौथ्या सकाळी चांगदेवनं बोट टोचलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपला आकडा चुकावा. ऐंशी हजार यावा, साठ यावा. म्हणजे द्रावण बिघडलंय, परवापासूनचं सगळंच खोटं. वीस मिनिटं तो झाकणाकडे बघत बसला. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. मग बाळाच्या मोजल्या. बावीस हजार.

चिठ्ठी लिहून तो उठला, तर खिडकीत आवडाबाई.

"बाला, दिलंस का रं आज?"

त्यानं बोटावरचा कापूस दाबून धरला. "दिलं, मावशी."

"मंग होईल बरी."

दुपारी तीनला मुलगी गेली. निघताना आवडाबाई खिडकीशी थांबली. "तुजा रगत फुकट गेला रं बाला," एवढंच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत नाथाच्या मागे चालू लागली.

डबा राहिला. त्यानं तो घासून पुसून ठेवला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, मूठभर साखर तरी घालायची, हे घरोघरचं. पण त्या घरी साखर कशी न्यायची? आणि रिकामा तरी कसा द्यायचा? बायकोलाही सुचेना. एकदा तो डबा पिशवीत घालून बाळकुमच्या नाक्यापर्यंत गेला. मासळीच्या पाट्या दिसल्या, तसा मागे फिरला. डबा वरच्या फळीवर गेला.

शहाण्णव साली मोजणीचं यंत्र आलं, मिनिटात आकडा छापून देणारं. चांगदेव त्यातही रोज आधी स्वतःचा थेंब घालायचा. बरोबर आलं की वर फळीकडे एकदा बघायचा, मग कामाला लागायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, एका रविवारी, घरी जेवताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. सोमवारी दवाखान्यात चुना लावणारे यायचे होते. म्हणून शनिवारी निघताना, चपला घालता घालता, तो शकू सिस्टरला म्हणाला होता, "सामान हलवतील, तर तो वरच्या फळीवरचा डबा कुणाला देऊ नका हं. परत करायचाय."