आतल्या पदराची लाल गाठ

आखाजीच्या सणाला माहेरी येणाऱ्या नणंदांसाठी मी जळगावात सहा भारी साड्या घेतल्या आणि धुळ्याच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. महिन्याचा पगार त्यातच गेला होता. शेजारच्या सीटवर बसलेल्या एका अक्कांनी न विचारता पिशवीत हात घालून पदर बोटांत चोळून पाहिला.

"मी देयेल साडीले आतून लाल दोरानी गाठ मारस," त्या म्हणाल्या. "एक साडी पाच घरं फिरीसन आहेरमा मन्हाकडेच परत उनी. कोन्हीच नेसी नही. आते मी रोज नेसाले सुती लुगडंच देस."

मी घरी येऊन कपाट उघडलं, तर मला आहेरात मिळालेल्या नऊ साड्या घडीतच होत्या.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला मी त्यातली सगळ्यात भारी साडी नेसून गेले.