काकडीच्या होड्या

आमची यमुमावशी नागपुरात सक्करदऱ्याला राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. काका, मधुकरराव, हिंगण्याच्या कारखान्यात होते. सकाळी कंपनीच्या बसनं जात ते संध्याकाळीच येत. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आई मला आणि धाकट्या शामलाला आमच्या गावाहून, कुहीहून, आणून तिच्याकडे सोडायची. "ठेवून घे वं दोघींले, तुझंही घर भरल्यासारखं वाटते," म्हणायची.

मावशीनं मोरीच्या पाण्यावर मागच्या अंगणात काकडी, ढेमसं, भेंडी लावलेली असायची. ऊन चढायच्या आत आम्ही तोडायचो आणि तिथंच ठरवायचो, आज काय करायचं. काकडी उभी चिरायची, बिया कोरायच्या, दाण्याचं कूट, किसलेली कैरी आणि गूळ भरायचा, वर कढीपत्त्याचं पान उभं खोचायचं. झाली होडी! ढेमशांची डोकी कापून पोटात बेसन भरायचं आणि टोप्या परत चढवायच्या. कोहळ्याच्या गोड पुऱ्या शामला वाटीनं कापायची. पाच वर्षांची होती ती. तिची पुरी कधी फुगायचीच नाही. मावशी नेमकी तीच आपल्या ताटात घ्यायची.

एकाहत्तरच्या मे महिन्यात एका दुपारी मावशीचा डोळा लागला होता. मी शामलाला घेऊन हळूच बाहेर पडले. चौकात बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी होती. दोघींत एक गोळा घेतला. माझे दात शिवशिवले, म्हणून बहुतेक सगळा तिनंच खाल्ला. परत आल्यावर मी तिचं तोंड धुतलं आणि बजावलं, "मावशीले सांगजो नको."

संध्याकाळी तिनं काकडीच्या चार होड्या खाल्ल्या. सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले. काकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी शामला गेली.

पोटात काहीतरी खराब गेलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. कुहीहून धावत आलेल्या आईनं मावशीला विचारलं, "काय चारलं होतं तिले?"

"काकडी," मावशी म्हणाली.

"पोर नसलेल्या बाईले काय समजते लेकरू सांभाळणं!" चार बायांसमोर आई ओरडली.

मी आईचा पदर धरून उभी होते. नऊ वर्षांची होते, सगळं कळत होतं. बोलले नाही.

पुन्हा आम्ही सक्करदऱ्याला गेलो नाही. काका कधीमधी कुहीला येत, त्यांच्याकडून कानावर यायचं. मावशीनं वेल उपटून टाकले. भाजी इतकी शिजवते की तिचा गाळ होतो. शेजारच्या लेकराच्या हातावर गुळाचा खडाही ठेवत नाही.

चौऱ्याऐंशीत माझं लग्न झालं, सासर नागपुरातच मिळालं. त्या मे महिन्यात मी एकटीच मावशीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं. गोळा, धुतलेलं तोंड, सगळं.

तिचा हात सुपातच थांबला. ती म्हणाली, "तेरा वर्षं मी एकच आठवून राहिली, तारे, का ती काकडी मी धुतली होती का नाही."

"धुतली होती मावशी. पाणी मीच ओतलं होतं."

"मले काही आठवतच नाही वं."

"मावशी, रागव ना माझ्यावर."

"कोणावर रागवू? नऊ वर्षांच्या पोरीवर?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देत राहिली.

मी काकड्या नेल्या होत्या. धुतल्या, कोरल्या, भरल्या. एक तिच्या हातात दिली. तिनं ती ओठांपर्यंत नेली आणि परत ताटात ठेवली. "होत नाही वं," म्हणाली.

त्याच आठवड्यात कुहीला जाऊन मी आईला सांगितलं. आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. नंतर बोलू लागली, पण मावशीचं नाव निघालं की उठून जायची. पुढं मावशी वारली तेव्हा निरोप वेळेवर पोचला होता. आई गेली नाही. एवढी वर्षं झाल्यावर तिला काय तोंड दाखवू, एवढंच म्हणाली.