शिंप्याच्या दुकानामागची बिअर

माझी मावशी बिअर बनवायची. हे मी शाळेत सांगितलं की मुली हसायच्या आणि बाई विषय बदलायच्या. आमच्या घरात मात्र त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बिअरच्या एका मोठ्या कारखान्यात ती चव तपासायला होती. कारखाना दुसऱ्या शहरात हलला, मावशी हलली नाही. बंद पडलेल्या डेअरीतून तिने दुधाच्या दोन जुन्या टाक्या आणल्या आणि काकांच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत बसवल्या. "इतकी वर्षं एकच चव राखत बसले," ती म्हणायची, "आता जरा बिघडवून बघते."

काका म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्यांच्या वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं होतं. थेंबही तोंडाला लावणार नाही, असा शब्द काकांनी आपल्या आईला दिला होता आणि तो कधी मोडला नाही. तरी मावशीला त्यांनी अडवलं नाही. मधल्या दाराला फक्त एक जाड पडदा शिवला.

पडद्याचा काही उपयोग झाला नाही. पँट आखूड करायला आलेल्या माणसाला मागून भाजलेल्या सातूचा वास यायचा, मग "होईपर्यंत बसतो जरा" म्हणत तो आत शिरायचा. आत दोन बाकं, एक खिडकी आणि कायम ओली फरशी. बिअर दर खेपेला थोडी निराळी. कधी जवळच्या शेतातला सातू जास्त भाजलेला, कधी कुणी आणून दिलेला मध, कधी संत्र्याची साल. लोक त्यावर हिरिरीने वाद घालायचे. "मागची बरी होती," असं नेहमी येणारे गवंडीदादा दर वेळी म्हणायचे आणि दुसरा ग्लास मागायचे. बाजारातली बाटली उघडून कुणी असा वाद घातलेला मी तरी ऐकला नाही.

मग मावशीला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिचं नाक निकामी करून गेला. साबण, कांदा, करपलेलं दूध, कशाचाच वास कळेना. तिने कुणाला सांगितलं नाही. सवयीच्या हाताने पुढची बिअर केली आणि ग्लास भरून दिले. सगळे मुकाट्याने प्यायले. शेवटी गवंडीदादांनी ग्लास खाली ठेवला.

"ताई, रागावू नका. आज ही खवट लोण्यासारखी लागतेय."

मावशीने टाकीचा नळ उघडला आणि सगळी बिअर मोरीत सोडून दिली. लोक एकेक करून निघून गेले. तिने खोलीला कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून काकांच्या शेजारी बसून बटणं लावू लागली. बटणं चांगली लावायची. बोलायची मात्र नाही.

काकांना ते सोसवेना. एका सकाळी कात्री बाजूला ठेवून ते म्हणाले, "चल, टाकी लाव. मी नाक लावतो, तोंड नाही."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"तू विचार, मी सांगतो."

त्या सुट्टीत मी तिथेच होते. आधी नुसता गोंधळ. काका वाफेवर वाकायचे, चष्म्यावर धुकं धरायचं, मग डोळे मिटून म्हणायचे, "ओल्या लोकरीवर इस्त्री फिरवल्यावर येतो ना, तसा."

"लोकर म्हणजे मी काय समजू?" मावशी कपाळाला हात लावायची. मग स्वतः चमचाभर चाखायची. कडू-गोड तेवढं जिभेला कळत होतं. असं करत करत दोघांची भाषा जुळली. ओली लोकर म्हणजे सातू छान उतरतोय. नव्या कापडाची खळ म्हणजे अजून उकळायला हवं. "मशीनचं तेल" असं काका म्हणाले, की मावशी दुसरी टाकी पुन्हा घासायला घ्यायची.

एकदा ती वैतागली. "तुम्हाला मेलं सगळीकडे लोकरच!"

"मग तूच घे वास!" काका बोलून गेले आणि गोरेमोरे झाले. मावशी एकदम हसत सुटली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

बिअर तयार झाली तेव्हा सगळ्यांचे डोळे गवंडीदादांच्या तोंडाकडे. त्यांनी घोट घेतला. "मागची बरी होती," म्हणाले आणि ग्लास पुढे केला.

पुढे कितीतरी वर्षं तसंच चाललं. मी मोठी झाल्यावर मावशीने मला हळूच सांगितलं, "नाक परत आलं होतं गं माझं. सगळं नाही, पण कामापुरतं."

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते पुढे दुकानात शिवत बसले असते, आणि मी मागे एकटी."

गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि टाक्या एका तरुण जोडप्याला दिल्या. ते दोघं पलीकडच्या गल्लीत आपली बिअर करतात. परवा मी मावशी-काकांना तिथे घेऊन गेले. काकांनी लिंबू सरबत घेतलं. मावशीने एक घोट घेतला, मग आणखी एक.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आपल्यासारखी नाही," ती म्हणाली. "आणि कशाला असावी? ही यांची आहे."

मग ती उठून त्या जोडप्यातल्या मुलीशी बोलायला गेली, पाण्याबद्दल काहीतरी. काका आणि मी बराच वेळ तिची वाट बघत बसलो.