यादीत टाकळा नव्हता

"एक झडप हलत नाहीये," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि पडद्यावर पेनाचं टोक ठेवलं. "गुठळी बसलीय तिच्यावर."

मी मान डोलावली. साडेपाच वर्षं औषधांचं शिकल्यावर माणूस अशा वेळी मान डोलावतो, कळो न कळो. गोव्याच्या हॉस्पिटलातल्या त्या गार खोलीत आई टेबलावर आडवी होती आणि पडद्यावर तिच्या छातीतला वाल्व दिसत होता. दोन झडपांपैकी एक उघडमीट करत होती. दुसरी ढिम्म.

या तपासणीला फ्लोरोस्कोपी म्हणतात, म्हणजे चालता एक्स-रे. आजाराचं नाव प्रोस्थेटिक वाल्व थ्रोम्बोसिस. बसवलेल्या वाल्ववर रक्त गोठतं आणि तो अडतो. तुमच्या घरात वाल्वचं माणूस असेल तर हे नाव पाठ करू नका, पण पुढचं वाचा. मी अजून दमलेलोच आहे, त्यामुळे लिहिण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आईचा वाल्व नऊ वर्षांपूर्वी बदलला. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता, त्याने हृदयाची झडप खराब केली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वॉरफरिनची गोळी. ही गोळी रक्त गोठू देत नाही. ती नीट चाललीय का हे बघायला आयएनआर नावाची रक्ततपासणी करतात. आईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. त्या दिवशी तो एक पूर्णांक तीन होता.

गोळी चुकली का, असं मॅडमनी विचारलं. एकही नाही, बाबा स्वतः हातावर ठेवतात, मी म्हणालो. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही फार्म.डी. करताय ना? मग सांगा, आई गेले दोन महिने काय जेवतेय?"

हिरव्या पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं. ते या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी आईला दोन वर्षांपूर्वी यादी करून दिली होती, पुस्तकातून उतरवून, मोठ्या अक्षरात. पालक, कोबी, ब्रोकोली, लेट्यूस. फ्रिजवर चिकटवली होती. मी ते छातीठोकपणे सांगितलं.

आईला धाप लागत होती, तरी ती टेबलावरून बोलली. "पालक मी हातातसुद्दा धरूक नाय. यादी पाळलंय मी."

"मग भाजी कुठली खाल्लीत, मावशी?"

आईने सगळं सांगितलं. पावसात मासेमारी बंद, बाजारात मासळी नाही, म्हणून आषाढात टाकळो आणि कुर्डू या परसातल्या रानभाज्या, जवळजवळ रोज. मग श्रावण लागला, मासे बंदच. अळू, आणि पहिल्या सोमवारी आंबोळ्यांबरोबर शेगलाचो पालो, म्हणजे शेवग्याचा. तो चांगला झाला होता म्हणून पुढेही चार दिवस.

"यादी कोणी केली?" मॅडमनी विचारलं.

मीच केली, मी म्हणालो. त्यांनी तेवढंच फाइलवर लिहिलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

आमच्या शिरोड्याकडच्या घरात पालक कोण आणतं हो? ब्रोकोली मी स्वतः पहिल्यांदा घाटावर हॉस्टेलच्या मेसमध्ये बघितली. मी आईला अशा भाज्या टाळायला सांगितल्या ज्या ती जन्मात खाणार नव्हती, आणि ज्या परसात उगवतात त्यांचं नावही लिहिलं नाही. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

लक्षणं आधीपासून होती, हेही सांगतो. भातलावणी चालू होती म्हणून आई दोन महिने आयएनआर करायला वेंगुर्ल्याला गेलीच नाही. मी फोनवर विचारायचो, ती "जातंय जातंय" म्हणायची. मग विहिरीवरून घागर आणताना ती मधेच बसायला लागली. वय झालं, म्हणाली. वय बावन्न!

बाबा काजूच्या फॅक्टरीत कामाला आहेत, बोलणं कमीच. ते एकदा फोनवर म्हणाले, "आवशीच्या छातयेतलो आवाज बारीक झालो आसा रे." धातूचा वाल्व असला की शांत खोलीत टिकटिक ऐकू येते, आमच्या घराला तिची सवय आहे. मी म्हटलं, पावसाचा आवाज जास्त असेल. वॉर्डातल्या पेशंटला औषधांचा सल्ला देणारा मी, मी असं म्हणालो. टिकटिक मंद होणं हेच या आजाराचं मोठं लक्षण आहे. तुमच्या घरी कोणी असं म्हणालं तर त्याच दिवशी निघा.

उपचार दोन होते. पुन्हा ऑपरेशन, नाहीतर थ्रोम्बोलिसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध सलाइनमधून हळूहळू सोडायचं. त्यात मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. मॅडमनी औषधच सुचवलं. कागदावर सही बाबांनी करायची होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, करा. आत मी पार कोसळलो होतो, पण तेवढं म्हणालो.

चोवीस तास ते औषध चाललं. आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकावर. शेजारी दोडामार्गचं एक कुटुंब होतं, त्यांनी सकाळी पेज दिली. बाबांनी ती घेतली आणि नुसतीच हातात धरून बसले. कोणी नर्स दार उघडून बाहेर आली की आम्ही दोघे उभे राहायचो. बहुतेक वेळा तिला दुसरंच कोणीतरी हवं असायचं.

पहिल्या फेरीनंतर झडप थोडी हलली. दुसरी फेरी द्यावी लागली. चौथ्या दिवशी मॅडमनी मला पुन्हा त्या पडद्यासमोर बोलावलं. दोन्ही झडपा उघडत होत्या. मला रडू आलं, आणि त्या शांतपणे बाजूला बघत राहिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अकरा दिवसांनी, चतुर्थीला दोन दिवस असताना, सुट्टी मिळाली. जाताना मॅडम म्हणाल्या, "पालेभाज्या बंद नाही करायच्या. रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या, आणि त्याप्रमाणे गोळी ठरवायची. नवी यादी करा. तुमच्या घरातली."

घरी येऊन मी वही घेतली. टाकळा, असं लिहिलं. पुढे किती? एक वाटी? उकडून पाणी काढलं तर? खोबरं घालून परतला तर? इंटरनेटवर शोधलं, कॉलेजच्या लायब्ररीतल्या मित्राला कामाला लावलं. शेवग्याच्या कच्च्या पाल्याबद्दल थोडं मिळालं, पण आमच्या ताटात पडते त्या भाजीबद्दल मला उपयोगी पडेल असं काही हाती लागलं नाही. वहीत एकच ओळ राहिली.

आता मुख्य अडचण सांगतो. कॉलेजने मला फार्म.डी.ला जोडूनच पीएच.डी. करायची जागा देऊ केली होती. दोन्ही डॉक्टरेट एकत्र, एक पेशंटला औषध देण्याची, दुसरी संशोधनाची. म्हणजे आणखी चार वर्षं घाटावर. चतुर्थी झाली की फॉर्म द्यायचा होता. माझी जवळजवळ सही झालेलीच होती, पण हॉस्पिटलातल्या त्या बाकावर मी ठरवलं की नको. इंटर्नशिप संपवायची, घरी यायचं, शिरोड्यात मेडिकल टाकायचं आणि आईची गोळी, ताट, तपासणी सगळं डोळ्यांसमोर ठेवायचं. जो आपल्या आईची यादी धड करू शकत नाही त्याने कसलं संशोधन करायचं?

पीएच.डी.च्या गाइड सरांना फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं. सरांनी आधी टाकळा म्हणजे नेमकी कुठली भाजी ते विचारलं. मग म्हणाले, आपल्या प्रयोगशाळेत गोळ्यांवर काम चालतं हे खरं, पण मशीनला पालाही चालतो, टाकळ्यातलं व्हिटॅमिन के त्यावर मोजता येईल. मात्र हा विषय लांबणार, कंटाळा येणार, आणि नाव होईलच असं नाही. मी म्हटलं, सर, मी नाही म्हणायलाच फोन केलाय. ते म्हणाले, चतुर्थी होऊ दे.

चतुर्थी झाली. यंदा आमच्याकडे आरत्या हळू आवाजात झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आई मागील दारी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं की मी घरी येतोय, कायमचा.

मला वाटलं ती खूश होईल. गावात सगळे मला मेडिकलवालो म्हणतात आणि ही एकटी डॉक्टर म्हणते, तरी आत कुठेतरी तिला मी जवळ हवा असणार, असं मी धरून चाललो होतो.

तिने सूप खाली ठेवलं. "घराक येवन काय करतलंस? माझा ताट बघीत बसतलंस?"

हो, म्हटलं. तेच करणार.

"आणि टाकळो?"

टाकळा सध्या बंद, मी म्हणालो. किती खाल्लेला चालतो ते कोणाला सांगता येत नाही.

"तुकाय नाय?"

मलाही नाही.

आई थोडा वेळ तांदळातले खडे काढत राहिली. ती चिडली होती, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं. वाल्व बसवला तेव्हा चिडली नव्हती, आयसीयूत चिडली नव्हती.

"बघ झिला," ती म्हणाली, "मी टाकळो खाल्ल्याशिवाय काय रवूचंय नाय. माझी आवस खाय होती, मी खातलंय. किती खाऊचो ता शोधून काढ. चार वर्सां लागली तरी चलतीत."

मी म्हटलं, तोपर्यंत तुझं कोण बघणार?

"तुझो बापूस आसा. माका कान आसत. दर पंधरा दिसांनी वेंगुर्ल्याक जातलंय, शेत पडला तरी." मग तिने सूप उचललं आणि बोलणं संपवलं.

आता तिची तपासणी दर पंधरा दिवसांनी होते. आकड्याचा फोन यायचा असतो त्या सकाळी मी फोन हातातून खाली ठेवत नाही, आणि हे असंच राहणार आहे. तुम्हीही तयारी ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता तुमच्या चुलीवर खरंच काय शिजतं ते त्यांना सांगा, तुमच्या भाषेतल्या नावानिशी.

त्या दुपारी फॉर्म माझ्या बॅगेत होता. आईने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी तिथेच, मागील दारी बसून, सही केली.